जमीन, ढाल आणि मत : ग्रीक नगरराज्यं कशी उभी राहिली

ग्रीसच्या दक्षिणेला क्रीट नावाचं मोठं बेट आहे. तिथल्या द्रेरोस या छोट्या प्राचीन नगरात अपोलोच्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेला एक कायदा सापडला. काळ इ.स.पू. 650 ते 600 च्या दरम्यानचा. ग्रीक भाषेतल्या सर्वांत जुन्या लेखी कायद्यांमध्ये त्याची गणना होते. मजकूर थोडक्यात असा : नगराने ठरवलं आहे, की एकदा 'कोस्मोस' झालेला माणूस पुढची दहा वर्षं पुन्हा कोस्मोस होणार नाही. कोस्मोस म्हणजे नगराचा सर्वोच्च अधिकारी. मुदतीच्या आत तो पुन्हा पदावर बसून निवाडे करू लागला, तर त्याने केलेल्या दंडाच्या दुप्पट रक्कम त्याच्याकडूनच वसूल होईल, तो जन्मभरासाठी पदाला अपात्र ठरेल आणि त्या काळात त्याने केलेलं सगळं रद्दबातल समजलं जाईल.

यात राजाची आज्ञा कुठेच नाही. ठरवलंय ते नगराने, म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसांनी. ज्याच्या हाती सत्ता आहे त्यालाच ती माणसं मर्यादा घालत आहेत, आणि पुढे कुणी नाकबूल होऊ नये म्हणून दगडावर कोरूनही ठेवत आहेत. जगाच्या त्या काळाच्या इतिहासात हे फार वेगळं आहे. इजिप्तमध्ये, असिरियात, बॅबिलोनमध्ये मोठमोठी राज्यं होती, प्रचंड सैन्यं होती, लेखनिकांच्या फौजा होत्या. पण तिथे कायदा वरून खाली यायचा. एवढ्याशा वस्तीतल्या लोकांना आपल्या अधिकाऱ्याला असं बजावण्याचं बळ कुठून आलं? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपण राजवाड्यांपासून दूर शेताकडे जातो, आणि शेतकऱ्याच्या घरात ठेवलेल्या शस्त्रांकडे.

राजवाडे जळाले तेव्हा

ग्रीसमध्ये आधी राजवाडे होतेच. मायसिनी, पायलोस, थीब्ज इथल्या राजवाड्यांतले कारकून मातीच्या पाट्यांवर बारीकसारीक हिशेब ठेवायचे : किती मेंढ्या, किती तेल, रथाची किती चाकं, कोणत्या गावाकडून किती येणं बाकी. जमीन, धान्य, कारागीर, सैन्य सगळं राजवाड्याच्या वहीत. इ.स.पू. 1200 च्या सुमारास ही व्यवस्था कोसळली. पायलोसचा राजवाडा आगीत गेला आणि त्या आगीत भाजल्यामुळेच तिथल्या कच्च्या पाट्या टिकल्या. कोसळण्याचं कारण एकच सांगता येत नाही. भूकंप, दुष्काळ, बंडं, समुद्रावरचे हल्ले अशी अनेक कारणं अभ्यासक मांडतात.

त्यानंतरची तीन-चारशे वर्षं ग्रीक माणूस लिहायलाच विसरला. वस्त्या लहान झाल्या, लोकसंख्या घटली, कलाकुसर साधी झाली. पण या पडझडीत एक गोष्ट घडली जी पुढे निर्णायक ठरली : शेतकऱ्याच्या डोक्यावरचा राजवाडा गेला. गावोगावी छोटे पुढारी उरले. त्यांच्याकडे इतरांपेक्षा थोडी जास्त जमीन, थोडी जास्त गुरं. लोक त्यांना मान द्यायचे, पण त्यांच्याकडे ना कारकुनांची फौज होती, ना गावागावांतून धान्य गोळा करणारी यंत्रणा.

आठव्या शतकात चित्र पालटलं. थडग्यांची आणि विहिरींची संख्या वाढताना दिसते, म्हणजे माणसं वाढली. फिनिशियन व्यापाऱ्यांकडून ग्रीकांनी अक्षरं घेतली आणि त्यांत स्वरांची चिन्हं घातली. राजवाड्याच्या काळातली लिपी शेकडो चिन्हांची आणि मूठभर कारकुनांची होती. ही नवी वर्णमाला दोन डझन अक्षरांची होती, आणि कुंभारालाही ती भांड्यावर खरडता येत होती. याच शतकात आसपासच्या गावांनी मिळून एका देवतेचं मंदिर बांधावं, एका चौकात जमावं, एकमेकांचे तंटे तिथे सोडवावेत, असं सगळीकडे घडू लागलं. मध्ये एक वस्ती, बहुधा टेकडीच्या आसऱ्याने, आणि भोवती शेतं. दोन्ही मिळून एक राज्य. ग्रीक नगरराज्य म्हणतात ते हेच. त्यात 'नगर' हा शब्द थोडा फसवा आहे, कारण बहुसंख्य लोक शेतीवर जगत होते आणि शेतं हा राज्याचा तेवढाच मोठा भाग होता.

अशी नगरराज्यं पुढे हजाराच्या आसपास झाली. बहुतेक इतकी लहान, की एका टोकाहून निघालेला माणूस दिवसभरात दुसऱ्या टोकाला पोचावा. अथेन्सची ॲटिका, म्हणजे नगर आणि भोवतालचा प्रदेश, सुमारे 2,500 चौरस किलोमीटरची आणि ती ग्रीकांच्या लेखी अवाढव्य होती.

जमीन पुरेना तेव्हा लोक समुद्रावर निघाले. सिसिलीत, दक्षिण इटलीत, काळ्या समुद्राच्या काठी, आजच्या फ्रान्समधल्या मार्सेला त्यांनी नवी नगरं वसवली. सिसिलीतल्या मेगारा हिब्लाया या नगराचं उत्खनन झालं आहे. तिथे आठव्या शतकाच्या शेवटी रस्ते आखून घरांसाठी जवळपास सारख्या आकाराचे तुकडे पाडलेले दिसतात आणि मधोमध सभेच्या चौकासाठी जागा राखलेली. म्हणजे कोऱ्या जमिनीवर नगर मांडायची वेळ आली तेव्हा लोकांच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या : वाटा सारखा हवा आणि जमायला जागा हवी.

कृत्तिका उगवल्या की कापणी

या काळातल्या शेतकऱ्याचा आवाज आपल्याला थेट ऐकू येतो तो हेसियड या कवीमुळे. इ.स.पू. 700 च्या आसपास तो बीओशिया प्रांतातल्या आस्क्रा गावात राहत होता. बाप गरिबीला कंटाळून समुद्रापलीकडून इकडे आलेला. भावाशी, पेर्सेसशी, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून भांडण, आणि निवाडा करणारे सरदार लाच खाणारे. हेसियड त्यांना तोंडावर 'लाचखाऊ' म्हणतो. पुढाऱ्याला असं म्हणण्याची हिंमत एका सामान्य शेतकऱ्याच्या कवितेत दिसते, आणि ती कविता लोक शेकडो वर्षं पाठ करतात, यातच बरंच काही आलं.

त्याचं शेतीचं पंचांग नक्षत्रांवर चालतं. पहाटे कृत्तिका उगवल्या की कापणी, कृत्तिका मावळायला लागल्या की नांगरणी. क्रौंच पक्ष्यांचा आवाज ऐकू आला की हिवाळी पाऊस जवळ आला समजावं. घर, बैल आणि हाताखाली एक बाई एवढं आधी जमवावं. नांगराला नऊ वर्षांचे बैल जुंपावेत, कारण ते भांडून नांगर मोडत नाहीत. नांगरामागे चाळिशीचा, पोटभर जेवलेला गडी असावा, कारण तरुण गड्याचं लक्ष सोबत्यांकडे असतं. हे सगळं इतकं बारकाईने सांगणारा माणूस शेतात राबलेलाच असणार, याबद्दल मला शंका वाटत नाही.

तिथली शेती समजून घेतली की पुढचं युद्धही समजतं. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. अथेन्सच्या परिसरात वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर. नदीचं पाणी, कालवे यांवर चालणारी मोठी शेती तिथे होऊच शकत नव्हती, त्यामुळे पाण्याचं वाटप हातात ठेवून शेतकऱ्याला दाबणारी सत्ताही सहज उभी राहत नव्हती. गहू आणि सातू म्हणजे बार्ली ही पिकं ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायची आणि मे-जूनमध्ये कापायची. डोंगरउतारावर ऑलिव्ह आणि द्राक्षवेली. ऑलिव्हचं झाड लावलं की भरघोस फळ यायला वर्षानुवर्षं लागतात, पण मग ते पिढ्यान् पिढ्या देतं. असं झाड लावणारा माणूस जमिनीला चिकटतो. साधारण 10 ते 15 एकराचा तुकडा, एक बैलजोडी, घरची माणसं आणि बऱ्याच घरांत एखाददुसरा गुलाम, असं स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचं चित्र अभ्यासक मांडतात.

कापणीनंतर द्राक्षं तोडायला येईपर्यंत हाताला थोडी सवड असे. लढाया बहुतेक याच दिवसांत व्हायच्या.

शेजाऱ्याची ढाल

इ.स. 1953 मध्ये आर्गोसला एक थडगं उघडलं गेलं. आठव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतलं. आत छातीचं आणि पाठीचं कांस्याचं चिलखत आणि उंच तुरा लावायची सोय असलेलं शिरस्त्राण होतं. अशी सामग्री त्या वेळी मोजक्या श्रीमंतांकडेच असणार. पण पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत ढाल, भाला आणि शिरस्त्राण कितीतरी जास्त घरांत पोचलं. ज्याच्याकडे हे आहे तो हॉप्लाइट, म्हणजे जड शस्त्रांनिशी पायी लढणारा शिपाई.

सगळ्यात महत्त्वाची होती ती ढाल. गोल, लाकडी, सुमारे 90 सेंटिमीटर व्यासाची, सहा-सात किलो वजनाची, काही वेळा वरून कांस्याचा पातळ पत्रा चढवलेली. तिला आतल्या बाजूला मध्यभागी एक रुंद पट्टा असे. त्यातून डावा हात कोपरापर्यंत घालायचा आणि काठाजवळची मूठ पकडायची. त्यामुळे वजन फक्त मनगटावर न येता अख्ख्या हातावर विभागलं जाई, आणि ढालीची खोलगट कड खांद्यावर टेकवताही येई. पण या रचनेमुळे ढालीचा डावा अर्धा भाग धरणाऱ्याच्या शरीराबाहेर जातो आणि उजवी बाजू थोडी उघडी राहते. ती उघडी बाजू झाकायची कुणी? उजवीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या ढालीने. आणि आपल्या ढालीचा बाहेर गेलेला अर्धा भाग डावीकडच्या सोबत्याला.

एकट्या माणसाला ही ढाल अवघडच. तो रांगेत उभा राहिला की तिचा पुरा उपयोग. खांद्याला खांदा, एकामागे एक बहुधा आठ रांगा, पुढे दोन-अडीच मीटरचे भाले, अशी फळी ग्रीक लोक उभी करायचे. तिचं नाव फॅलँक्स. इतिहासकार थ्युसिडिडीस इ.स.पू. 418 च्या मँटिनियाच्या लढाईचं वर्णन करताना लिहितो, की सगळी सैन्यं पुढे सरकताना उजवीकडे झुकतात, कारण प्रत्येक जण आपली उघडी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड नेण्याच्या धडपडीत असतो. भीती माणसाला कुठे ढकलते हे इतक्या नेमकेपणाने टिपलेलं वाक्य प्राचीन इतिहासात मी दुसरं वाचलेलं नाही. आणि स्पार्टाचा राजा डेमॅराटस याच्या तोंडी चरित्रकार प्लुटार्कने एक उत्तर घातलं आहे. ढाल टाकून पळणाऱ्याला बट्टा लागतो, मग शिरस्त्राण किंवा चिलखत टाकणाऱ्याला का नाही, या प्रश्नावर तो म्हणतो, शिरस्त्राण माणूस स्वतःसाठी घालतो, ढाल मात्र सगळ्या फळीसाठी धरतो.

रोममध्ये जपून ठेवलेला एक कोरिंथी सुरईवजा कलश आहे, साधारण इ.स.पू. 650 ते 640 चा. त्यावर दोन फळ्या एकमेकींवर चालून येताना रंगवल्या आहेत आणि रांगांच्या मध्ये एक पोरगेलासा वादक दोन नळ्यांची बासरी फुंकतोय. पावलं एका तालात पडावीत म्हणून असावं. कलश आहे जेमतेम 26 सेंटिमीटर उंच, पण त्यावरच्या ढालींवरची चित्रंसुद्धा वेगवेगळी काढली आहेत : गरुड, सिंह, बैल. ढाल ज्याची त्याने आणलेली होती, त्यामुळे तिच्यावरचं चित्रही ज्याच्या त्याच्या आवडीचं.

हा मुद्दा मोलाचा आहे. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येणारा शिलेदार असा फरक होता, आणि शिलेदाराचा रुबाब वेगळा होता. हॉप्लाइट हा या अर्थाने शिलेदार. फरक एवढाच की तो कुण्या सरदाराच्या चाकरीत नव्हता. तो आपल्याच नगरासाठी लढायचा आणि नगर म्हणजे त्याच्यासारखेच इतर शेतकरी. सहाव्या शतकाच्या अखेरीस अथेन्सने सालामिस बेटावर वसवलेल्या लोकांबद्दलचा एक ठराव दगडावर मिळतो. त्यात प्रत्येकाने स्वतःची शस्त्रं ठेवायची आणि ती 30 द्राख्मा किमतीची हवीत, असं म्हटलं आहे. त्याआधी अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याच्या काळात मेंढीची किंमत एक द्राख्मा आणि बैलाची पाच, अशी नोंद आहे. म्हणजे शस्त्रांना सहा बैलांचे पैसे. ज्याच्याकडे एवढी ऐपत तोच फळीत उभा राहणार.

बांधावरचं युद्ध

लढायचे कशावरून? बहुतेक वेळा सीमेवरच्या जमिनीवरून. इ.स.पू. 546 च्या सुमारास स्पार्टा आणि आर्गोस यांच्यात थिरिया नावाच्या सीमेवरच्या पट्ट्यावरून वाद पेटला. इतिहासकार हेरोडोटस सांगतो, दोन्ही बाजूंनी ठरवलं की प्रत्येकी 300 निवडक माणसं लढतील, बाकीचं सैन्य घरी जाईल, आणि जिंकेल त्याची जमीन. अंधार पडेपर्यंत 600 पैकी तिघे उरले. आर्गोसचे दोघे आपण जिंकलो म्हणून घराकडे धावले. स्पार्टाचा ओथ्रियाडीस मात्र रणातच थांबला आणि त्याने शत्रूच्या प्रेतांवरची शस्त्रं काढून आपल्या छावणीत नेली. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू विजय सांगू लागल्या. एक म्हणे आमचे जास्त उरले, दुसरी म्हणे तुमचे पळाले. शेवटी दोन्ही पुरी सैन्यं भिडली आणि स्पार्टा जिंकलं.

गोष्ट थोडी रंगवलेली असेल. पण तिच्यातून या युद्धांचा हेतू कळतो : वाद एका तुकड्याचा, निकाल शक्यतो एका दिवसात, आणि मग सगळ्यांना घरी परतायचं आहे. एका अभ्यासकाने ज्ञात लढायांचे आकडे जुळवून अंदाज काढला, की जिंकणाऱ्या बाजूचे सरासरी पाच टक्के आणि हरणाऱ्या बाजूचे सुमारे चौदा टक्के लोक पडत. लहान नगराला चौदा टक्के म्हणजे प्रत्येक गल्लीत सुतक. लढाई नेहमीच अशी ठरवून, मैदानात, नियमाने होई असं मात्र समजू नये. अचानक छापे, वेढे, पिकांची जाळपोळ, नगरं उजाड करणं हेही चालूच होतं.

अथेन्समध्ये तरुण मुलगा वयात आला की शपथ घेई. चौथ्या शतकात अखार्नाय इथे कोरलेली तिची प्रत आपल्याकडे आहे. हातातल्या शस्त्रांना बट्टा लावणार नाही, रांगेत शेजारी जो असेल त्याला सोडून जाणार नाही, मायभूमी मिळाली त्याहून लहान करून मागे ठेवणार नाही, असं तो म्हणतो. मग साक्षी म्हणून देवतांची नावं येतात आणि त्यांच्यापाठोपाठ ही यादी : मायभूमीच्या सीमा, गहू, सातू, द्राक्षवेली, ऑलिव्ह, अंजीर. शिपायाच्या शपथेला पिकं साक्षीला आहेत.

कर्जाचे दगड

आता सत्तेकडे येऊ. ॲरिस्टॉटलने चौथ्या शतकात एक सूत्र मांडलं. राजेशाही गेल्यावर आधी सत्ता घोडेस्वारांच्या, म्हणजे श्रीमंतांच्या हाती होती, कारण युद्धाचं बळ त्यांचं होतं. नगरं वाढली, पायदळ बळकट झालं, तसे राज्यकारभारात वाटा घेणारे लोक वाढले. या सूत्रावरून आधुनिक काळात मोठा सिद्धान्त उभा राहिला : सातव्या शतकात नवी शस्त्रं आली, फळी आली, फळीतल्या शेतकऱ्याने हक्क मागितला आणि उमराव मागे हटले.

मला ही मांडणी जरा जास्तच सरळ वाटते. फळी एका रात्रीत तयार झाली नाही. सातव्या शतकातल्या चित्रांत भाले फेकणारे, तिरंदाज, मोकळेपणी लढणारे लोकही दिसतात. घट्ट, शिस्तबद्ध फळी पूर्ण रूपात यायला बहुधा पाचवं शतक उजाडलं. शिवाय हॉप्लाइट म्हणजे सरसकट मध्यम शेतकरी असंही नाही, त्यांतले बरेच जण सुखवस्तू होते. पण जमीन, शस्त्र आणि सभेतलं स्थान या तीन गोष्टी एकमेकींत गुंतत गेल्या हे अथेन्सच्या उदाहरणात स्पष्ट दिसतं.

इ.स.पू. 600 च्या आसपास अथेन्सचे लहान शेतकरी कर्जात बुडाले होते. काही जण पिकाचा सहावा हिस्सा सावकार-जमीनदाराला देत. कर्जाला स्वतःचं शरीर तारण ठेवलेलं असे, त्यामुळे फेड झाली नाही की माणूस बायकापोरांसह गुलाम होई. काहींना परदेशात विकलं गेलं. शेताशेतांत बोजा दाखवणारे दगड उभे होते. इ.स.पू. 594 मध्ये सोलोनला तडजोडीसाठी निवडलं गेलं. त्याने कर्जं रद्द केली, शरीर तारण ठेवण्यावर कायमची बंदी घातली आणि विकल्या गेलेल्या काहींना परत आणलं. सोलोन स्वतः कवी होता. एका कवितेत तो काळ्या धरणीमातेलाच साक्ष काढतो, की तिच्या अंगावर ठिकठिकाणी रोवलेले दगड मी उपटले. आधी ती दासी होती, आता मोकळी आहे.

जमिनीचं फेरवाटप मात्र त्याने केलं नाही, जरी गरिबांची ती मागणी होती. त्याने नागरिकांचे उत्पन्नावर चार वर्ग केले. मोजायचं माप मेदिम्नोस, सुमारे 52 लिटरचं. 500 मापं पिकवणारे पहिले, 300 वाले घोडेस्वार, 200 वाले तिसरे, त्यांना बैलजोडीवाले म्हणता येईल, आणि त्याखालचे सगळे चौथे. पदं वरच्या वर्गांना. चौथ्या वर्गाला पद नाही, पण सभेत आणि लोकन्यायालयात जागा. जन्माने कुलीन नसला तरी धान्याच्या राशीवर माणूस वर जाऊ शकेल, ही त्यातली नवी गोष्ट. आणि अथेन्सचा नागरिक कर्जापायी अथेन्समध्येच गुलाम होणार नाही, हा तर पायाच झाला.

इतर अनेक नगरांत मधल्या टप्प्यात एकट्याची सत्ता आली. कोरिंथला किप्सेलस, पुढे अथेन्सलाही पायसिस्ट्रॅटस. उमरावांच्या कारभाराला विटलेल्या लोकांनी एका बलवान माणसाला साथ दिली, आणि एक-दोन पिढ्यांनी त्याच्या मुला-नातवांनाही घालवलं. अथेन्समध्ये त्यानंतर, इ.स.पू. 508-507 मध्ये, क्लाइस्थेनीसने नागरिकांची नोंद कुळाऐवजी गावावर नेली. पुढच्या काळात अशी 139 गावं-वस्त्या मोजलेल्या आहेत. त्यांची मोट बांधून दहा नवे गट केले, प्रत्येकात थोडा किनारा, थोडं शहर, थोडा अंतर्भाग. सैन्याच्या तुकड्या याच दहा गटांच्या आणि पाचशेंच्या परिषदेतल्या जागाही याच गटांच्या. डोंगरातला शेतकरी आणि बंदराजवळचा कुंभार सभेत एका गटात बसायचे आणि लढाईत एका तुकडीत उभे राहायचे.

त्याची परीक्षा इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉनच्या मैदानात झाली. इराणी सम्राटाचं सैन्य उतरलं. समोर सुमारे नऊ-दहा हजार अथेन्सवासी आणि मदतीला आलेलं छोटंसं प्लॅटिया नगर. शत्रूच्या फळीइतकी लांबी साधायला त्यांनी मधल्या रांगा विरळ केल्या आणि दोन्ही टोकं दाट ठेवली. मध्यभाग फुटला, पण टोकं जिंकली आणि आत वळली. अथेन्सचे 192 पडले. त्यांना रणातच एका ढिगाऱ्याखाली पुरलं, तो ढिगारा अजून आहे. त्यांची नावं गटवार कोरली गेली. त्याच मैदानात प्लॅटियाच्या लोकांबरोबर काही गुलामही पुरले होते, असं पुढे पॉसेनियस या प्रवाशाने नोंदवलं आहे. तेही लढले होते.

आत कोण, बाहेर कोण

हे वाचताना भारावून जायला होतं, पण हिशेब पुरा मांडायला हवा. अथेन्सच्या सभेत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, पिढ्यान् पिढ्या राहणारे परके नव्हते. हॉप्लाइट लढाईला निघाला की त्याची ढाल वाटेत बहुधा गुलाम वाहून नेई, आणि तो सभेला गेला की शेतात कुणीतरी राबत असे.

स्पार्टात तर ही गोष्ट उघडी पडते. स्पार्टाने शेजारचा मेसेनिया जिंकला आणि तिथल्या लोकांना हेलॉट, म्हणजे जमिनीला बांधलेले दास केलं. प्रत्येक स्पार्टन नागरिकाला जमिनीचा वाटा आणि ती कसायला हेलॉट. त्यामुळे तो शेतकरी-शिपाई न राहता नुसता शिपाई झाला. नागरिक स्वतःला 'समान' म्हणवत, रोज सामुदायिक पंक्तीत जेवत आणि त्यासाठी धान्य, मद्य, चीज यांचा ठरावीक वाटा आणून देत. हा वाटा देता आला नाही की नागरिकत्व गेलं. अधिकारी दरवर्षी हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध जाहीर करत, म्हणजे त्यांना मारण्याचं पाप लागू नये. अशा समतेला समता म्हणायला माझी लेखणी धजत नाही.

आणि ती टिकलीही नाही. इ.स.पू. 480 मध्ये सुमारे 8,000 असलेले पूर्ण नागरिक थीब्जशी झालेल्या 371 च्या ल्युक्ट्राच्या लढाईपर्यंत इतके घटले, की रणात 700 होते आणि त्यांतले 400 पडले. जमीन थोड्या घरांत गोळा झाली होती. वाटा देऊ न शकणारे एकेक करून पंक्तीतून उठले होते. पुढच्याच एक-दोन वर्षांत थीब्जच्या सैन्याने मेसेनिया मोकळा केला.

गाठ सुटली

अथेन्समध्ये गोष्ट दुसऱ्या दिशेने गेली. इ.स.पू. 480 मध्ये सालामिसला इराणी आरमार बुडालं ते वल्हेकऱ्यांमुळे. एका युद्धनौकेला 170 वल्हेकरी लागत आणि ते मुख्यतः चौथ्या वर्गातले, बिनजमिनीचे. नगराचं रक्षण आता त्यांच्या खांद्यावर होतं आणि पुढच्या पिढीत लोकशाही त्यांच्यापर्यंत पोचली. जमीन असेल तरच मत वजनदार, हे समीकरण इथे सैल झालं.

मग 431 साली स्पार्टाशी सुरू झालेल्या दीर्घ युद्धात अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याने शेतकऱ्यांना गावं सोडून तटाच्या आत बोलावलं. स्पार्टाचं सैन्य बाहेर पिकं जाळत होतं आणि मालक भिंतीवरून पाहत होते. दुसऱ्या वर्षी दाटीवाटीच्या वस्तीत साथ पसरली. सत्तावीस वर्षं चाललेल्या युद्धाला सुगीनंतरची सवड पुरणार नव्हती. पगारी शिपाई वाढले. 401 मध्ये दहा हजारांहून जास्त ग्रीक भाडोत्री म्हणून इराणी राजपुत्राच्या बंडात लढायला गेले. 390 मध्ये कोरिंथजवळ हलक्या ढालींच्या भालाफेक्यांनी स्पार्टाच्या हॉप्लाइटांची एक अख्खी तुकडी झोडपून काढली. 338 मध्ये कायरोनियाला उत्तरेकडच्या मॅसिडोन राज्याचा राजा फिलिप याने अथेन्स आणि थीब्जला हरवलं. त्याच्या शिपायांचे भाले पाच मीटरच्या आसपास लांब होते, ढाली लहान, आणि ते वर्षभर राजाच्या नोकरीत असत.

अथेन्सने 323 मध्ये पुन्हा उठाव करून पाहिला आणि 322 मध्ये ते हरलं. मॅसिडोनच्या अँटिपेटरने तह लादताना एक अट घातली : ज्याची मालमत्ता 2,000 द्राख्मांच्या वर आहे त्यालाच नागरिकाचे हक्क. त्या मोजणीत सुमारे 9,000 लोक आत राहिले. बाकी हजारो नागरिकांचं मत एका दिवसात गेलं आणि त्यांच्यापैकी ज्यांना हवी होती त्यांना दूर थ्रेसमध्ये जमीन देऊ करण्यात आली. सालामिसनंतर सैल झालेला मालमत्तेचा आणि मताचा संबंध आता पुन्हा आवळला गेला होता. या वेळी मात्र हे नगराने ठरवलेलं नव्हतं, आणि बंदराच्या टेकडीवर मॅसिडोनच्या शिपायांचं ठाणं बसलं होतं.